उघडलेलं घर

घर पाहावं बांधून, असं शहाणी माणसं सांगून गेली ती घरमालकाला. गवंड्यासाठी त्यांनी काही सांगून ठेवलं नाही. त्यामुळं बेळगावजवळच्या मच्छ्याच्या जोतिबा मेस्त्रीला आपली अक्कल आपणच मिळवावी लागली, आणि ती मिळाली तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. एवढ्या उशिरा आलेली अक्कल माणसाला शहाणं करत नाही, नुसती बोचत राहते.

तसा हवापाण्याच्या बाबतीत गडी पक्का. टीव्हीवरचा पाऊस त्यानं कधी मानला नाही, मोबाइलवरचा तर नाहीच. त्याचं वर्ष दिवाळीला सुरू व्हायचं आणि मृगाला संपायचं. उरलेले पाच महिने तो हिशेबातच धरत नसे. दिवाळी झाली की पाया खणायचा, कारण तेव्हा जमीन कुदळीला मऊ असते आणि वरून चिखल झालेला नसतो. थंडीत भिंती चढवायच्या. शिमग्याच्या मागंपुढं स्लॅब टाकायचा, म्हणजे पुढचे एकवीस दिवस त्यावर मारायला विहिरीत पाणी असतं. गिलावा चैत्रात, तोही सकाळीच. दुपारच्या उन्हात ओढलेला गिलावा तडकून म्हातारीच्या टाचांसारखा होतो. आणि मृग निघायच्या आत दारंखिडक्या बसवून मोकळं व्हायचं. बेळगावचा पाऊस एकदा बसला की पाव्हण्यासारखा उठत नाही, हे जोतिबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. सगळ्यांना ते आधीच ठाऊक असायचं, तरी त्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटायचं.

आता त्याची खोडही सांगितली पाहिजे. दिवाळी ते मृग एवढ्या सात महिन्यांत चार घरं होतील एवढीच त्याच्याकडं माणसं. पण पाचवा, सहावा माणूस दारात आला की ह्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नसे. मग काय करायचं? त्याचं घर उघडून ठेवायचं. म्हणजे चांगला दिवस बघून, नारळ फोडून, दोन गडी वर चढवायचे आणि कौलं उतरवायची. एकदा घराचं डोकं उघडं पडलं की मालक कुठं जातो? शिवाय गवंड्या-गवंड्यांत एक न लिहिलेला कायदा आहे. एकानं उघडलेल्या घराला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. जोतिबाच्या बापानं तो पाळला, जोतिबा पाळत होता, आणि पाळता पाळता वापरतही होता. गिऱ्हाईक बांधून ठेवायला दोरी लागत नाही, असं तो हसत म्हणायचा.

मच्छ्याच्या पुढं तीन-चार किलोमीटरवर चिंचहोळ आहे. तिथल्या लक्ष्मीची जत्रा एकोणीस वर्षांनी, येत्या वैशाखात भरवायची, असं मार्गशीर्षात पंचांनी देवळात बसून ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या गावाला आपापली घरं लहान वाटू लागली. आपल्याकडं हे व्हायचंच. लेकी-जावई येणार, व्याही येणार, पुण्याला गेलेले भाऊबंद गाड्या घेऊन येणार. त्यांना बसवायचं कुठं? एरवी तीस वर्षं गळक्या छपराखाली सुखानं झोपलेला माणूस जत्रा ठरली की स्लॅबशिवाय बोलत नाही. आसपासच्या दहा गावांतले गवंडी आठ दिवसांत संपले. जोतिबानं एकट्या चिंचहोळात सहा घरं धरली.

त्यातलं एक राजाबाईचं.

राजाबाई पासष्टीची, एकटी. नवरा जाऊन एकोणीस वर्षं झालेली, पदरी एक म्हैस, थोडं शेत आणि निपाणीला दिलेली एक लेक, नीलम. घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर मंगलोरी कौलं. तिनं जोतिबाला अंगणात घोंगडं टाकून बसवलं आणि हातानंच हवेत लांबी-रुंदी दाखवली.

“जोतिबा, मला लई मोठं काय नको बघ. फुडच्या अंगाला बसाय-उठायला एक सोपा पायजे. वीस पानं एका पंगतीला बसतील असा. नीलमच्या लग्नात विहीणबाईस्नी आमी देवळात उतरवलं हुतं. चार वर्सं झाली, अजून त्या माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या न्हाईत. आणू कुठं? ह्या जत्रंला त्यास्नी माझ्या सोप्यात पाटावर बसवायचंय.”

“बसवू की, आक्का. त्यात काय एवढं.”

“तुला काय एवढं वाटणार न्हाय. माझ्या दोन जत्रा हुकल्यात. पयलीला टायफाईड झाल्याला, माहेरात पडून हुते. दुसरीला हे गेले, तेरावं हुयाच्या आत रथ निघाला. दार लावून आत बसले. नुसता हलगीचा आवाज ऐकला. आता ही तिसरी. चौथी काय मी बघत न्हाय.”

हे तिनं रडून सांगितलं नाही. बाजारात काय काय आणायचं ते सांगावं तसं सांगितलं. जोतिबाला त्या घटकेला खरंच वाटलं की हिचं घर आधी करायचं, आणि तो तसं बोललाही. “आक्का, तुमचं घर पयलं.” मनापासून बोलला. खोटं बोलणारा माणूस परवडला. मनापासून बोलून विसरणारा फार महागात पडतो.

माघातल्या एका सोमवारी त्यानं तिचं घर उघडलं. नारळ फोडला, कौलं उतरवून परसात नीट रचून ठेवली, वासे आणि रिपाही काढल्या. माजघरावर आपल्याजवळची निळी ताडपत्री ओढून दिली. तिचा एक कोपरा फाटला होता, तो त्यानं तिथंच बसून लाल सुतळीनं शिवला. “तिसऱ्या दिवशी पाया खणायला येतो,” म्हणाला. राजाबाईनं देव, ट्रंक आणि चूल ताडपत्रीखाली मांडली आणि पुढच्या उघड्या भिंतींमधून आभाळ बघत ती तिसरा दिवस मोजू लागली.

तिसऱ्या दिवशी परशराम आडवा आला. परशराम जत्रेच्या कमिटीतला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याच्या दुमजली घराच्या भिंती झाल्या होत्या. “मेस्त्री, देवीचे मानकरी माझ्याकडं उतरणार हाईत. माझा जिना कोण तुझा बाप बांधणार?” असं त्यानं चार लोकांत विचारलं. जोतिबानं गडी तिकडं वळवले. मग दुसऱ्याच्या घराचा कॉलम राहिला होता, तिसऱ्याची बायको रस्त्यात उभी राहून भांडली. बोलेल त्याची बोरं विकतात, दुसरं काय! राजाबाई भांडली नाही. जोतिबा तिच्या दारावरून गेला की ती हाक मारायची, चहा द्यायची आणि विचारायची, “कवा रं?”

“सोमवारी, आक्का.”

असे किती सोमवार गेले! आणि शिमग्यानंतर वार सुरू झाले. जत्रेआधी गाव मंगळवार आणि शुक्रवार पाळतं. त्या दिवशी शेतात औत न्यायचं नाही, मातीला कुदळ लावायची नाही, गावात हातोड्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. हे जोतिबाला ठाऊक नव्हतं असं नाही. तो इथलाच. पण दर वर्षीच्या सवयीनं त्यानं माघ ते वैशाख असे महिने बोटांवर मोजले होते, वार मोजलेच नव्हते. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, रविवारी गड्यांचा बाजार. आठवड्याचे दिवस उरले चार. सहा घरं आणि चार दिवस. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मधेच एकदा मच्छ्याच्या सिमेंटच्या दुकानाशी देसूरचा रवळू गवंडी भेटला. रवळू वयानं लहान, हाताला चांगला, आणि त्या दिवसांत त्याचं एक काम अचानक रद्द होऊन तो मोकळा झाला होता.

“चिंचहोळला गेलतो काल,” रवळू म्हणाला. “तुझ्या त्या म्हातारीनं निरोप धाडलता. म्हणाली, सोपा तेवढा बांधून दे. मी म्हटलं, आक्का, जोतिबाअण्णानं उघडल्यालं घर हाय, मी हात लावायचा न्हाय.”

“बरोबर हाय,” जोतिबा म्हणाला.

एवढंच म्हणाला. ‘कर बाबा, तू कर, माझ्याकडनं हुईना झालंय’, हे सात शब्द तोंडात होते आणि ते तोंडातच राहिले. उलट त्याला आपली पत अजून शाबूत आहे याचं बरं वाटलं. रवळूच्या चहाचे पैसे त्यानं दिले. त्या चहाची पुढं त्याला इतकी लाज वाटली की त्या टपरीवर तो पुन्हा चढला नाही.

चैत्र सरत आला. एका रविवारी राजाबाई स्वतः चालत मच्छ्याला आली, जोतिबाच्या घरी. रुक्माबाईनं, म्हणजे जोतिबाच्या बायकोनं, तिला पाणी दिलं. राजाबाई घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, “जोतिबा, नवं घर ऱ्हाऊ दे.”

“असं कसं, आक्का?”

“आयक तरी. जत्रंला तीन आठवडं बी न्हाईत. आता सोपा हुणार न्हाय, हे मला बी कळतंय. जुनी कौलं तरी परत चढवून दे. भिंती हाईत. मी चुना काढते, सारवून घेते. जुन्या घरात का हुईना, विहीणबाई माझ्या छपराखाली जेवतील. दोन गड्यांचं एका दिवसाचं काम हाय.”

जोतिबाचं तोंड उतरलं. घर उघडून परत झाकायचं म्हणजे गवंड्याला नाक कापल्यासारखं. पण मान्य करण्यावाचून सुटका नव्हती. सोमवारी परशरामाच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबची तयारी, मंगळवारी वार, बुधवारी स्लॅब. “बेस्तरवारी सकाळी मी सोता येतो,” तो म्हणाला, “संध्याकाळपातूर कौलं चढवून देतो. देवीची आण.”

“आण नको घालूस,” राजाबाई म्हणाली. “ये म्हणजे झालं.”

बुधवारी स्लॅब होता. सकाळी सातला सुरू करायचा तो मिक्सर उशिरा आल्यामुळं नऊला सुरू झाला. चार दिवस उकाडा असा होता की सावलीतही सदरा अंगाला चिकटत होता. दुपारी एकच्या सुमाराला वारा पडला. जोतिबानं पूर्वेकडं पाहिलं. तिथं काळं काहीतरी जमत होतं. तीस वर्षं हे आभाळ वाचलेला माणूस. त्याला विचारायची गरज नव्हती. वळीव येणार होता, आणि साधा येणार नव्हता. त्यानं गड्यांना पळवलं. पाट्या भराभर वर जाऊ लागल्या. तीन वाजता शेवटची पाटी पडली, थापी फिरली, आणि गार वाऱ्याचा पहिला झोत आला.

ओल्या स्लॅबवर गार पडली तर सिमेंट धुऊन खडी वर येते. पुढं तो गळतो तो गळतोच. परशराम खालून ओरडत होता, “मेस्त्री, बिघडला तर बघ!” जोतिबानं वरून आरोळी दिली, “गावात असतील नसतील तेवढ्या ताडपत्र्या आणा!”

बायका, पोरं, गडी धावले. जत्रेचं गाव, एकाचा स्लॅब म्हणजे सगळ्यांचा. खळ्यातल्या, ट्रॅक्टरवरच्या, भाताच्या राशीवरच्या ताडपत्र्या हातोहात वर येऊ लागल्या. जोतिबा एकेक पसरून कडेला विटा ठेवत होता. जिन्याच्या बाजूचा एक कोपरा राहिला होता, बैलगाडीएवढा. खालून एक निळी ताडपत्री आली. तिच्या कोपऱ्याला लाल सुतळीची शिवण होती.

त्यानं ती ओळखली. ओळखायला वेळ लागला असं म्हणायची सोय नाही, तेवढा उजेड होता आणि टाके त्याच्या हातचे होते. खाली कुणीतरी सांगत होतं, म्हातारीनं आपणहून सोडून दिली, म्हणाली, न्या, ओला स्लॅब बिघडंल. जोतिबाचे हात थांबले. परत पाठवायची तर ही वेळ होती. पाच मिनिटांचं अंतर, एका माणसाचं काम. मग परशरामाचा आवाज पुन्हा आला आणि जोतिबानं ताडपत्री झटकून तो कोपरा झाकला, वर चार विटा ठेवल्या.

पाऊस दीड तास पडला. आधी गारा, मग धो धो. जोतिबा परशरामाच्या नव्या जिन्याखाली उभा होता आणि आजूबाजूचे लोक त्याची पाठ थोपटत होते. मेस्त्री होता म्हणून स्लॅब वाचला, असं जो तो म्हणत होता. कौतुकाचे शब्द इतके वाईट लागतात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

पाऊस थांबताच तो राजाबाईच्या घराकडं गेला. पश्चिमेची भिंत बसली होती, माजघराची मधली भिंतही तिच्याबरोबर आडवी झाली होती. मातीची भिंत पडते तेव्हा फारसा आवाज होत नाही. ती भिजते, फुगते आणि गुडघ्यात मोडल्यासारखी खाली बसते. सोप्याच्या जागी तांबडा चिखल झाला होता. राजाबाई गोठ्याच्या दारात उभी होती. देव तिनं पदरात बांधले होते, ट्रंक शेजाऱ्यांनी बाहेर काढली होती. तिला कुठं लागलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “स्लॅब वाचला न्हवं?”

“व्हय,” जोतिबा म्हणाला.

“बरं झालं.”

त्या बोलण्यात टोमणा असता तर त्याला सोसलं असतं. तो शोधत राहिला, सापडला नाही.

घरी गेल्यावर त्यानं रुक्माबाईला सांगितलं, भिंत पडली, पाऊस लई हुता, कुणाच्या हातात काय असतंय. रुक्माबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “तिच्या माजघरावरची ताडपत्री कुठं गेली?”

“परशरामाच्या स्लॅबवर,” जोतिबा म्हणाला.

“तुमास्नी ठावं हुतं?”

“हुतं.”

“मग पावसाला कशाला मधी घालताय,” ती म्हणाली. “पाऊस त्याच्या टायमाला आला. तुमी तुमच्या टायमाला गेला न्हाईसा.”

दुसऱ्या दिवशी बेस्तरवार. जोतिबा दिवस उगवायच्या आत चिंचहोळात हजर. परशरामाचं, बाकीच्यांचं सगळं काम बंद ठेवून आठच्या आठ गडी घेऊन आला होता. राजाबाई म्हशीची धार काढत होती. तो म्हणाला, आक्का, जत्रंच्या आधी नऊ दिवस गावात हातोडा वाजवायचा न्हाय, तोवर आठ दिवस हाईत. त्यातले वार सोडून बी विटांच्या भिंती आणि वर पत्रा करून देतो, सोपा देतो वीस पानांचा. हेही नको असेल तर मोठा मांडव घालतो, झालरीचा.

“मांडवात बसवू विहीणबाईस्नी? गोठ्याच्या दारात?” राजाबाई म्हणाली. “मग देवळात बसवलं त्यात आन ह्यात काय फरक ऱ्हायला?”

“मग भिंती घालतो. सोमवारपातूर...”

“नको रं, जोतिबा. आता मी परत सोमवार मोजत बसत न्हाय.”

तिनं कासंडी बाजूला ठेवली, हात पुसले आणि त्याच्या देखत नीलमला फोन लावला. स्पीकर तिला बंद करता येत नसे, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. “नीलम, घर पडलं गं पावसात. मला काय लागलं न्हाय. सासूबाईस्नी सांग, जत्रंला येऊ नका म्हणावं, उतरायला जागा न्हाय. तू ये, ओटी भर आन जा.”  मग नीलम म्हणाली, “आई, त्यांनी साडी घेऊन ठेवलीया गं तुला.” राजाबाई म्हणाली, “तू येताना आण.” आणि फोन ठेवून ती दुधाकडं वळली.

वैशाखात जत्रा भरली. गावात माणूस माईना. भंडाऱ्यानं रस्ते पिवळे झाले, हलगी रात्रंदिवस थांबत नव्हती, बेळगावाहून, खानापुराहून, कोल्हापूरकडून गाड्या येऊन शिवारापर्यंत उभ्या राहिल्या. जोतिबानं पाच घरं वेळेत पुरी केली होती. पाचही घरांत त्याला जेवणाचं आमंत्रण, पाचही घरांत नारळ आणि फेटा. परशरामानं त्याला नव्या स्लॅबवर नेऊन पाव्हण्यांना दाखवला, “ह्यो आमचा मेस्त्री. गारा पडल्या, पर स्लॅबला एक वरखडा न्हाय.” पाव्हणे कौतुकानं खाली वाकून सिमेंट बघू लागले. जोतिबानं गावाकडं पाहिलं. नव्या रंगांच्या घरांमध्ये एकच जागा मोकळी होती, आणि तिच्या मागं गोठ्यातून चुलीचा धूर निघत होता.

तो ताटावर बसलाच नाही. कुणाला न सांगता खाली उतरला.

गोठ्याच्या दारात नीलम पिशवी भरत होती. संध्याकाळच्या आत निपाणीला पोचायचं म्हणून निघाली होती. राजाबाईच्या अंगावर नवी साडी होती, हिरवी, मोठ्या काठाची. व्याह्यांकडची असणार. त्या साडीत ती शेणी आणि कडब्याच्या मधे चुलीपाशी बसली होती.

“मामा,” नीलम म्हणाली. आईला तो आक्का म्हणतो म्हणून ती लहानपणापासून त्याला मामा म्हणायची. “एक सांगू? महिनाभर आई रोज माझ्या सासूला फोनवर सोपा सांगत हुती. केवढा लांब, खिडकी कुठं, त्यास्नी कुठं बसवणार. सासूबाईस्नी तो तोंडपाठ झालाय.”

ती चिडली नव्हती. तिला बस गाठायची होती. आईच्या पाया पडून ती गेली, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत राजाबाई तिच्याकडं बघत राहिली.

जोतिबा जायला वळला, तर राजाबाईनं हाक मारली. “कुठं निघालास? बस. जेवून जा.”

“आक्का, मला...”

“बस म्हणते न्हवं. जत्रंला माझ्या दारात आलेला तू एकटाच पाव्हणा हाईस. तसाच घालवू व्हय?”

तिनं एक पाट काढला. नवा, लाकडाचा वास असलेला. सोप्यासाठी करून घेतलेल्या वीस पाटांपैकी हा एक. बाकीचे भिंतीला टेकवून, सुतळीत बांधलेले तसेच होते. तिनं त्याला बसवलं, रस्सा वाढला, भाकरी वाढली, पुन्हा वाढली. जोतिबा जेवला. वाढलं तेवढं सगळं जेवला, कारण न जेवता उठायचा हक्कही आपल्याला उरला नाही असं त्याला वाटलं. म्हैस दाव्याला खेचून वैरण ओढत होती आणि बाहेर रथ ओढणाऱ्या हजार माणसांचा गजर चालला होता. हात धुताना त्याला रडू आलं. राजाबाईनं तांब्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतलं आणि काही पाहिलं नाही असं दाखवलं.

मृग आला, पाऊस बसला तो दसऱ्यापर्यंत उठला नाही. राजाबाई गोठ्यावर पत्रे टाकून राहिली. जोतिबा मधून मधून जायचा, पत्र्याचे खिळे ठोकून यायचा. त्या सगळ्या पावसाळ्यात त्यानं एकही नवं काम धरलं नाही. येणाऱ्याला सांगायचा, आधी एक घर द्यायचं राहिलंय, त्यानंतर बघू. लोकांना वाटलं मेस्त्री म्हातारा झाला.

दिवाळीच्या पाडव्याला तो चिंचहोळात गेला. बरोबर दोरी, चुना, खुंट्या आणि रवळू. हो, रवळूलाही त्यानंच बोलावलं होतं; जवळ बसवून सांगितलं होतं, माझं उघडल्यालं घर तू आन मी मिळून करूया. पडलेल्या भिंतींची माती पावसानं सपाट केली होती, तिच्यावर गवत उगवलं होतं. जोतिबानं गवत उपटलं, चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, दोरी ओढली आणि सोप्याची आखणी केली. वीस पानांची. मजुरीचा शब्द काढायचा नाही हे त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं, आणि आक्कानं काढला तर तोंडावर हात ठेवायचा असंही.

राजाबाई गोठ्यातून आली. चुन्याच्या पांढऱ्या रेघांकडं तिनं बराच वेळ पाहिलं. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत चालत गेली आणि परत आली.

“लई झ्याक झाला असता,” ती म्हणाली.

“हुणारच हाय, आक्का. पौषात स्लॅब टाकतो. शिमग्याला ऱ्हायला जावा.”

राजाबाईनं मान हलवली. “काढ रं त्या खुंट्या.”

“का वं आक्का? माझा इस्वास न्हाय व्हय? हे बघा, रवळूला बी आणलंय...”

“तुझ्यावर राग न्हाय माझा,” ती म्हणाली. “असता तर बरं झालं असतं, तुला बी, मला बी. पर सोपा मी जत्रंसाठी मागितला हुता, जोतिबा. ऱ्हायाला मला पत्रा बी पुरतोय. एकटीला वीस पानांचा सोपा घेऊन काय करू? सांजंला झाडू?”

 रवळू जमिनीकडं बघत होता.

“तेवढी म्हशीला वाऱ्याच्या बाजूनं एक भिंत घालून दे,” राजाबाई म्हणाली. “थंडीचं तिला गारठतंय.”

जोतिबानं खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली. मग त्या दोघांनी मिळून गोठ्याला पश्चिमेची भिंत घातली, विटांची, आतून-बाहेरून गिलावा केलेली. सावकाश बांधली, प्रत्येक थराला पाणी मारून. इतकी नीट भिंत जोतिबानं कुणाच्या बंगल्यालाही घातली नव्हती. चार दिवसांत ती पुरी झाली. हवा स्वच्छ होती, जमीन कुदळीला मऊ होती, विहिरी भरलेल्या होत्या, आणि त्या वर्षी शिमगा होऊन गेला तरी आभाळातून एक थेंब पडला नाही.